नोकरी गेली, आता सकाळी उठायचं कशासाठी?

कामावरून कमी केल्याचा मेल येतो, घाईघाईत एक मीटिंग होते, लॅपटॉप कधी जमा करायचा ते कळतं आणि संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या ग्रुपमधून नावही निघालेलं असतं. पुढचे काही दिवस सल्ल्यांचा पाऊस पडतो. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’, ‘आता तरी मनासारखं काही कर’, ‘तुझं खरं ध्येय शोध’. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण हा शेवटचा सल्ला फार लवकर दिला जातो. झोप उडालेली, हिशेब जुळत नाही, फोन वाजला तरी उचलावासा वाटत नाही, अशा अवस्थेतला माणूस आयुष्याचं प्रयोजन काय शोधणार? शोधायला बसलाच, तर त्याला जुनी नोकरी आठवत राहते, नाहीतर एखादी भव्य कल्पना सुचते आणि चार दिवसांत विरून जाते.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी दिवसाला आकार द्यायचा, मग माणसांत परत जायचं, मग कुणाच्या तरी उपयोगी पडायचं आणि त्यानंतर दिशा ठरवायची. उमेद आली की काम सुरू करू, असं म्हणत थांबलं की ती येतच नाही. नैराश्यावरच्या उपचारांतही हा अनुभव वापरतात. रुग्णाला बरं वाटेपर्यंत थांबवत नाहीत, छोटी छोटी ठरलेली कामं करायला लावतात आणि मन त्या कामांच्या मागून सावरत येतं.

पगाराशिवाय काय काय गेलं, ते आधी ओळखा

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं एक गाव आहे. सगळं गाव एका कापड गिरणीवर चालायचं आणि 1930च्या सुमाराला ती गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल या तरुण संशोधकांनी तिथे जाऊन बेकारीत गाव कसं जगतं याचा बारकाईने अभ्यास केला. तो 1933 साली प्रसिद्ध झाला. लोकांकडे आता वेळच वेळ होता, तेव्हा वाचन वाढायला हवं होतं. पण गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली, आणि तीही वर्गणी माफ केलेली असताना. संशोधकांनी खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला. पुरुष रेंगाळत चालत आणि पुन्हा पुन्हा थांबत. बायकांच्या मागे घरकाम होतंच, त्यामुळे त्यांची पावलं त्या मानाने भरभर पडत. दिवसभर काय केलं असं विचारलं, तर पुरुषांना धड सांगता येईना.

याहोदा यांनी पुढे याची नीट मांडणी केली. नोकरी पैशांबरोबर आणखी पाच गोष्टी न मागता देते: दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, अनेकांनी मिळून करायच्या कामात वाटा, समाजात ओळख आणि सक्तीने का होईना, रोज काहीतरी करत राहणं. नोकरी गेली की हे पाचही एका दिवसात जातं. मग ‘मला कशातच रस वाटत नाही’ असं जे होतं, त्याला आपण स्वभावाचा दोष समजतो. खरं तर ते या पाच गोष्टींच्या एकदम जाण्याचं फळ असतं.

एका कागदावर या पाच गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे तुमच्या बाबतीत नेमकं काय गेलं ते लिहा. ‘माणसं’ एवढंच नको. ‘दुपारी चहाला बरोबर येणारे दोघं’ असं लिहा. ‘ओळख’ एवढंच नको. ‘सिस्टीम अडली की सगळे मलाच हाक मारायचे’ असं लिहा. कुणाला दिवसाचा आकार गेल्याचा जास्त त्रास होतो, कुणाला ओळख गेल्याचा. ज्या ओळीवर पेन अडखळेल, तिथून भरपाईला सुरुवात करायची.

पहिला आठवडा: कागद आणि पैसे

हे काम रुक्ष आहे, म्हणूनच ते आधी उरका. अनुभवाचं पत्र, शेवटच्या पगाराचा हिशेब, शिल्लक रजेचे पैसे, नुकसानभरपाई मिळणार असेल तर तिच्या अटी आणि कंपनीचा आरोग्य विमा कुठल्या तारखेला संपतो, एवढं लेखी मिळवा. राजीनामा द्यायला सांगत असतील किंवा एखाद्या करारावर सही मागत असतील, तर त्याच बैठकीत सही करू नका. घरी आणा, वाचा, जाणकाराला दाखवा. राजीनामा आणि कपात यांतून मिळणारे हक्क बहुतेक ठिकाणी वेगवेगळे असतात.

मग एकच आकडा काढा: आहे त्या शिलकीत किती महिने निभेल? जे खर्च टाळताच येत नाहीत ते एका बाजूला, थांबवता येतील ते दुसऱ्या बाजूला. आकडा लहान निघाला तरी तो माहीत असलेला बरा. रात्री तीन वाजता छातीत धडधडतं ते बहुधा न काढलेल्या हिशेबामुळे. याच आकड्यावरून कळतं की पहिलं मिळेल ते काम धरायचं की थोडं निवडून घ्यायला वाव आहे. दोन महिन्यांची शिल्लक असणाऱ्याने आधी तात्पुरतं काम शोधावं. त्यात कमीपणा काही नाही. पोटाची सोय झाल्यावर दिशेचा विचारही जास्त शांतपणे होतो.

घरी सांगा आणि बाहेरच्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा

रोज सकाळी तयार होऊन ‘ऑफिसला’ जाणारी आणि दिवस कुठेतरी काढून संध्याकाळी परतणारी माणसं असतात. हे नाटक फार महागात पडतं. शोधायला लागणारी सगळी ताकद लपवण्यात खर्च होते आणि मदत करू शकणाऱ्यांना काही कळतच नाही. घरात स्पष्ट सांगा, आकड्यासकट. मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल एवढं सांगावं. घरात काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलेलंच असतं, आणि कारण कळलं नाही की ती स्वतःलाच दोष देतात.

बाहेरच्यांसाठी दोन ओळी पाठ करून ठेवा, कारण ‘सध्या काय चाललंय?’ हा प्रश्न लग्नघरात, लिफ्टमध्ये, कुठेही अंगावर येतो. उदाहरणार्थ: ‘आमचा विभागच बंद केला, त्यात माझंही पद गेलं. खरेदी आणि पुरवठ्याच्या कामात नवीन जागा बघतोय. कानावर काही आलं तर सांगा.’ घडलेलं, पुढचं आणि एक छोटी विनंती, एवढं पुरे. कंपनीची उणीदुणी नकोत, माफी मागितल्यासारखा सूरही नको. आरशासमोर दोनचारदा मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यांदा आवाज अडकतो, पुढे सरावतो.

राग कागदावर काढा, पण मुदत घालून

या पायरीकडे लोक सर्रास काणाडोळा करतात, म्हणून थोडं सविस्तर. 1994 साली स्टेफनी स्पेरा, एरिक बर्फाइंड आणि जेम्स पेनेबेकर यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. नोकरीवरून काढलेल्या, चांगला अनुभव असलेल्या अभियंत्यांच्या एका गटाला त्यांनी सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात जे जे आहे ते लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाने भावनांना हात न लावता दिवसाच्या नियोजनाबद्दल लिहिलं. तिसऱ्याने काहीच लिहिलं नाही. पुढच्या काही महिन्यांत पहिल्या गटातल्या लोकांना बाकीच्यांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. त्यांनी अर्ज काही जास्त केले नव्हते. संशोधकांचा अंदाज असा की आतली कटुता निवळल्यामुळे मुलाखतीत ती बाहेर पडत नव्हती.

अभ्यास लहान होता, त्यामुळे त्याला रामबाण समजू नका. पण मुलाखत घेणाऱ्या कुणालाही विचारा. ‘आधीची नोकरी का सोडली?’ या प्रश्नाला उमेदवाराच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यावरून बरंच काही ठरतं.

करायचं कसं? पहिले आठ-दहा दिवस जाऊ द्या. जखम अगदी ताजी असताना खोदू नये. मग पाच दिवस, ठरलेल्या वेळी, घड्याळ लावून वीस मिनिटं हाताने लिहा. शुद्धलेखन बघू नका. काय घडलं, कुणाचा राग आला, कशाची लाज वाटली, कशाची भीती आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून याचा तुमच्या बाकीच्या आयुष्याशी काय संबंध लागतो तेही. कुणाला दाखवायचं नाही. पाचव्या दिवशी फाडून टाकलं तरी चालेल. लिहिता लिहिता जीव फारच घाबरा झाला तर थांबा, दुसऱ्या विषयावर लिहा. आणि हे कुठेही ऑनलाइन टाकू नका. साहेबाबद्दल रात्री लिहिलेली पोस्ट सकाळी पुसली, तरी तिचे स्क्रीनशॉट उरतात.

दिवसाला तीन खुंट्या ठोका

सकाळी सात ते रात्री दहा असं रंगीत वेळापत्रक आखू नका. ते दोन दिवस चालतं आणि तिसऱ्या दिवशी मोडलं की अपराधी वाटायला लागतं. त्यापेक्षा तीनच वेळा पक्क्या करा: उठण्याची, घराबाहेर पडण्याची आणि काम थांबवण्याची. मधलं सैल असू द्या.

उठण्याची वेळ नोकरीच्या दिवसांतलीच ठेवा, फार तर अर्ध्या तासाने पुढे. घराबाहेर पडणं रोज, दुपारच्या आत. चालायला, वाचनालयात, कुठेही. नोकरी शोधण्याला दिवसाचे तीन-चार तास पुरतात. त्याहून जास्त वेळ स्क्रीनसमोर बसणारा माणूस बहुधा त्याच जाहिराती पुन्हा पुन्हा उघडत असतो. आणि थांबण्याची वेळ सगळ्यांत महत्त्वाची. संध्याकाळी सहानंतर जॉब पोर्टल बंद, मेल बंद. बेकारीला सुट्टी नसते म्हणून ती थकवते. ती सुट्टी आपण द्यायची.

‘उद्या अर्ज करीन’ हा निश्चय कच्चा असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखवलं की ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा रूपात ठरवलेलं काम तडीस जाण्याची शक्यता वाढते. ‘चहाचा कप विसळून ठेवला की टेबलाशी बसून एका ओळखीच्याला मेसेज करीन.’ वेळ, जागा आणि पहिली हालचाल आधीच ठरलेली असली, की इच्छा आहे का नाही हा प्रश्नच मध्ये येत नाही.

इथेच एक गंभीर गोष्ट. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोजच उदास वाटतंय, झोप किंवा भूक पार बिघडली आहे, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, दारू वाढली आहे, अशी लक्षणं असतील तर वेळापत्रकावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. आणि जगणं नको असे विचार येत असतील तर आजच, आत्ताच जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची मदत घ्या. हे दुखणं उपचारांनी बरं होतं.

कुणीतरी तुमची वाट बघेल असं एक काम धरा

हेतू म्हणून आपण जे शोधतो, त्यात माझ्या मते निम्म्याहून जास्त भाग एवढाच असतो: मी गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल. नोकरीत हे आपोआप होतं. घरी बसल्यावर स्वतःच्या विकासासाठी कितीही कोर्स केले तरी ते मिळत नाही, कारण कोर्स बुडवला तर कुणाचंच अडत नाही.

तेव्हा आठवड्यातून एकदा तरी, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, दुसऱ्यासाठी काहीतरी करायचं पत्करा. शेजारच्या मुलीला गणित शिकवणं, एखाद्या संस्थेचे हिशेब लावून देणं, एकट्या राहणाऱ्या आजोबांना दवाखान्यात नेणं, मुलांच्या संघाला सराव देणं. अटी तीनच. वार ठरलेला हवा. समोर खरा माणूस हवा. आणि ते तुम्हाला जमणारं हवं, कारण सध्या आत्मविश्वासाला शिकाऊपणाचा आणखी धक्का नको. पाचसहा ठिकाणी हात घालू नका. एकच धरा आणि चुकवू नका. यात एक धोका आहे तोही सांगतो: घरी असलेल्या माणसाला सगळे ‘रिकामा’ समजतात आणि बँकेपासून बिलापर्यंतची कामं गळ्यात मारतात. ती मदत तुम्ही निवडलेली नसते, म्हणून तिने उभारी येत नाही. शोधाच्या तासांत अशा कामांना सरळ नाही म्हणा.

जुन्या कामाची चिरफाड करा

दोन-तीन आठवड्यांनी डोकं थोडं थाऱ्यावर आलं की दिशेचा विचार करायचा. ‘मला काय आवडतं?’ असं स्वतःला विचारू नका. त्याला पोकळ उत्तरं येतात. आधीच्या कामाचा एक साधा आठवडा आठवा आणि त्यात हातांनी काय काय केलं ते लिहा. पदाचं नाव लिहायचं नाही, फक्त क्रियापदं.

समजा, एक बाई बारा वर्षं लेखा विभागात होत्या. कागदावर त्या लिहितात: महिनाअखेरचे ताळे जुळवले. पुरवठादारांना थकबाकीचे फोन केले. ऑडिटरना कागद काढून दिले. नव्या मुलांना सॉफ्टवेअर शिकवलं. साहेबांसाठी तक्ते केले. विक्रीवाल्यांशी खर्चाच्या बिलांवरून भांडल्या. मग प्रत्येक ओळीपुढे दोन खुणा करतात: हे करताना वेळ कसा जायचा, भरकन की रखडत? आणि हे करायला लोक माझ्याकडे मुद्दाम यायचे का?

ताळे जुळवण्यापुढे ‘रखडत’ येतं, जरी पद त्याच कामाचं असलं तरी. शिकवण्यापुढे ‘भरकन’ आणि ‘हो, दुसऱ्या विभागातलेही यायचे’. भांडण्यापुढे, त्यांच्या स्वतःच्याच आश्चर्याने, पुन्हा ‘भरकन’. आता चित्र वेगळं दिसतं. ‘बारा वर्षांचा लेखा अनुभव’ घेऊन त्या पुन्हा ताळे जुळवायला जाऊ शकतात. पैसे लागत असतील तर जावंही. पण हिशेबाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांना शिकवणारी माणसं लागतात, मोठ्या संस्थांना खर्चावर लक्ष ठेवून लोकांना नाही म्हणू शकणारी माणसं लागतात. या जागांची नावं त्यांनी कधी शोधलीच नव्हती.

तुमच्या यादीत दोन्ही खुणा मिळालेल्या दोन-तीन ओळी निघतील. तेवढ्या पुरेत. एकही निघाली नाही, तर नोकरीबाहेरच्या कामांची अशीच यादी करा.

उडी मारण्याआधी पाय बुडवून बघा

भरपाईचे पैसे हातात असताना महागडा कोर्स, दुकान, फ्रँचायझी यांची भुरळ पडते. पहिले तीन महिने कुठल्याही मोठ्या रकमेचा निर्णय नको, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ. त्याऐवजी स्वस्तात पडताळा घ्या. ज्या कामाचा विचार आहे ते करणाऱ्या तिघांशी बोला आणि विचारा, ‘तुमचा कंटाळवाणा दिवस कसा असतो?’ चांगल्या दिवसाबद्दल सगळेच बोलतात. मग एखादा दिवस त्यांच्याबरोबर काढता येतो का बघा. मग छोटं काम पैसे घेऊन करून द्या, भले रक्कम किरकोळ असो. फुकट काम केलं की लोक वाखाणतात. पैसे मागितले की खरं काय ते कळतं.

लांबच्या ओळखी उघडा

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली एक निरीक्षण मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ती ओळख किती जवळची होती? वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून बातमी मिळालेले फक्त 17 टक्क्यांच्या आसपास निघाले; बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांनी दिली होती. 2022 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांतूनही तसंच दिसलं: अगदी घट्ट किंवा अगदी नावापुरत्या नव्हे, तर मध्यम सैल ओळखी नोकरी मिळायला जास्त उपयोगी पडल्या. कारण सरळ आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीत असतं.

तेव्हा जुने सहकारी, कॉलेजमधले, एकेकाळचे ग्राहक आणि पुरवठादार अशी तीसेक नावं काढा. रोज दोघांना लिहा. मजकूर छोटा: ‘नमस्कार मॅडम, आपण त्या गोदामाच्या प्रोजेक्टवर एकत्र होतो. गेल्या महिन्यात आमचा विभाग बंद झाला. मी आता ग्राहक प्रशिक्षणाच्या कामाकडे वळायचा विचार करतेय. तुम्ही त्या क्षेत्रात आहात, तर दहा-पंधरा मिनिटं बोलता येईल का? नोकरी मागायला नाही, काम कसं असतं ते समजून घ्यायला.’ रेझ्युमे पहिल्याच मेसेजला जोडू नका. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. बोलणं झाल्यावर आभार माना आणि पुढे काय झालं ते महिन्याभराने कळवा. हे शेवटचं फार थोडे लोक करतात, म्हणूनच ते लक्षात राहतं.

नकार येणार हे गृहीत धरून चाला

मिशिगन विद्यापीठात 1980च्या दशकात बेरोजगारांसाठी कार्यशाळांचा एक कार्यक्रम आखला गेला. त्यात अर्ज-मुलाखतीच्या कौशल्यांबरोबर आणखी एक गोष्ट शिकवत: अडचण येण्याआधीच ती कल्पून तिच्यावर काय करायचं ते ठरवून ठेवणं. सहभागी झालेल्यांना चांगल्या प्रतीचं काम मिळण्याचं प्रमाण वाढलं आणि ज्यांना नैराश्याचा धोका जास्त होता, त्यांना विशेष फायदा झाला.

घरी हे असं करता येईल. येऊ शकतील असे धक्के लिहा: शेवटच्या फेरीनंतर नकार, मुलाखतीनंतर काहीच न कळवणं, बरोबर कमी केलेल्या मित्राला आधी नोकरी लागणं. प्रत्येकापुढे त्या दिवशी काय करायचं ते लिहा. ‘नकार आला की त्या दिवशी नवा अर्ज नाही. अर्धा तास चालून येणार, ताईला फोन करणार, दुसऱ्या दिवशी मुलाखतीतले अवघड गेलेले प्रश्न वहीत उतरवणार.’ आणि आठवड्याचा हिशेब ठेवताना तुमच्या हातातलंच मोजा: किती जणांना लिहिलं, किती अर्ज नीट बेतून पाठवले, ठरलेल्या दिवशी शिकवायला गेलो का. किती ठिकाणांहून बोलावणं आलं हा आकडा वहीत लिहू नका.

काम मिळाल्यावर

नवी नोकरी लागली तरी पहिले काही महिने मन धास्तावलेलं राहतं. साहेबांनी अचानक मीटिंग लावली की पोटात गोळा येतो. हे सर्वांचंच होतं, हळूहळू कमी होतं. या काळात रिकाम्या गेलेल्या महिन्यांची उणीव भरून काढायला रात्री जागून काम करण्याचा मोह आवरा. मदत केलेल्या प्रत्येकाला नवी जागा कळवा. त्या तीस नावांची यादी जपून ठेवा आणि महिन्यातून दोघांची काही कारण नसताना चौकशी करा. ठरलेल्या दिवसाचं शिकवणं शक्यतो बंद करू नका, वेळ संध्याकाळची करून घ्या. क्रियापदांची यादी वर्षातून एकदा काढून नव्या कामाच्या ओळी तिच्यात भरा.